नवरीच्या बापाचा प्रश्न

बोरी अरबला आमची वरात गेली, तेव्हा बँड असा वाजला की शेजारच्या तालुक्यातल्या म्हशी दुधाला आटल्या. नवरीचा बाप माजी फौजी. त्यानं वेशीवरच हात जोडले, "पाहुणे, नाचा कितीही, पण फटाके फोडू नोका."

तरी कुणीतरी फटाक्यांची लड लावलीच. फौजीनं नवरदेवाला घोड्यावरून असं ओढलं की घोडाही चार दिवस त्या जागेकडे बघेना. धूर विरेपर्यंत त्यानं जावयाला अंगाखाली झाकून धरलं. मग नवरदेवाचा फेटा सावरला अन् लग्न लागलं.

पंगतीत तो बुंदी वाढायला माझ्यापुढे वाकला अन् हळूच म्हणाला, "पाहुणे, लग्न लागलं काय?"

"लागलं ना भाऊ! तुम्हीच तर अक्षता टाकल्या."

"आवाज झाला का मांगचं-पुढचं पुसून जाते. लढाईवरून आलो तवा घडीभराचं जाये, आता अख्खा दिवस जाते. पोरगी रडली काय?"

"नाही. तुमच्याकडे पाहून हसली."

यात मी तिखटमीठ लावलं नव्हतं.

"हसली," तो म्हणाला, आणि पुढच्या प्रत्येक पानावर बुंदी वाढताना तेच पुटपुटत गेला.