म्हाताऱ्यानं सही करायला नको होती

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वसईच्या शेजाऱ्यांइतका श्रद्धाळू आणि त्यांच्याइतका संशयी माणूस आखातातल्या आमच्या अख्ख्या बिन महमूद वस्तीत नव्हता. इथल्या सुट्टीच्या दिवशीचं, म्हणजे शुक्रवारचं चर्च कधी चुकवायचे नाहीत आणि उरलेले सहा दिवस कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचे नाहीत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. माझ्याकडे चहाला आले की थेट ओट्याशी येऊन पातेल्यात तो बुडवणार आणि "बाय, पाणी अजून उकळलं नाही" असं जाहीर करणार. सूक वाकिफच्या बाजारात केशरवाला छातीवर हात ठेवून "वल्ला, असली है" म्हणाला, तेव्हा शेजारी म्हणाले, "कसम मत खाओ, एक ग्लास पानी लाओ." काडी पाण्यात पडताक्षणी लाल रंग सुटला, म्हणजे भेसळ. "खलास, यल्ला!" म्हणत त्यानं आम्हा दोघांनाही हाकललं. मसाल्याचं ते दुकान माझ्यासाठी कायमचं बंद झालं ते असं.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा म्हातारा होता. चारशे वर्षांपूर्वी इटलीत आकाशाकडे दुर्बीण रोखून, पृथ्वीच सूर्याभोवती फिरते असं म्हणणारा. त्याचं नावही ते घेत नसत. नुसतं 'म्हातारा', जणू गावाकडचा चुलता. चर्चमध्ये मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग ते घेत, आणि कुठलाही धडा फिरून म्हाताऱ्यावरच यायचा. मोठमोठ्या पंडितांनी दुर्बिणीला डोळा लावायलाच कसा नकार दिला, पोथीत नाही ते आकाशात कसं असेल म्हणाले, शेवटी धर्मपीठानं त्याला गुडघ्यावर बसवून 'मी चुकलो' असं कसं लिहून घेतलं. पालकांनी तक्रार केली. समज मिळाली. ते मला म्हणाले, "पृथ्वी फिरली म्हणून देवाला काय झालं गं? काही लोकांच्या खुर्च्या तेवढ्या हलल्या." चर्चवर राग होता, पण आपल्या घरच्यांवर असतो तसा. खरा राग म्हाताऱ्यावर. "त्यानं सही करायला नको होती. मी असतो तर केली नसती." हे मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल, बहुतेक वेळा गाडी चालवताना, कारण शुक्रवारी भाजीला जाताना मीच त्यांना चर्चला सोडायचे.

आम्ही एकाच कंत्राटदाराकडे होतो. ते सेफ्टी ऑफिसर, मी पत्रव्यवहार सांभाळणारी. फुटबॉल वर्ल्ड कपची घाई सुरू झाली होती आणि स्टेडियमकडे जाणारा एक पूल आमच्याकडे होता. साइटवर त्यांनी स्वतःचा दुसरा थर्मामीटर टांगला होता. त्याच्या टोकाला बायकोच्या जुन्या सुती साडीची चिंधी, सतत ओली ठेवलेली. चिंधी वाळताना पारा उतरतो. उतरला नाही तर समजायचं की हवा इतकी दमट आहे की माणसाचाही घाम वाळणार नाही, तो आतल्या आत शिजेल. कंपनीचा मीटर केबिनच्या सावलीत होता. तो नेहमी समाधानी असे.

उन्हाळ्यातली दुपारची सक्तीची सुट्टी संपली होती, पण सप्टेंबरची हवा चिकट होती. त्या दिवशी पारा उतरेना. ते केबिनमध्ये येऊन म्हणाले, "काम रोकिए, सर." मॅनेजरनं मीटरकडे बोट दाखवलं. "सर, मेरेवाला बाहर आके खुद देखिए ना."

"इतनी गर्मी में?" मॅनेजर म्हणाला.

हा विनोद नव्हता. तासाभरानं सळ्या बांधणारा एक नेपाळी माणूस खाली बसला, आणि मग उठलाच नाही. कागदावर हृदयविकार आला. त्यांच्या नोंदवहीत मात्र त्या वेळचा पारा लिहिलेला होता.

वही कंपनीला नको होती. 'नोंद चुकीची होती, सबब मागे घेतो' असं पत्र द्या, असं सांगण्यात आलं. नाही दिलं तर देशाबाहेर जाण्याच्या परवानगीवर कंपनीची सही होणार नाही. घरी बायकोचं ऑपरेशन ठरलेलं. पत्र मी टाइप केलं. 'थर्मामीटर सदोष होता' हे शब्दही मीच सुचवले. 'खोटी नोंद' लिहिलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. कागद त्यांच्यापुढे ठेवून मी म्हटलं, "सही करा आणि घरी जा. तो माणूस काही परत येत नाही."

"त्याच्या घरी काय कळवणार, बाय?"

"हृदयविकार," मी म्हटलं. त्यांनी सही केली.

पुढच्या शुक्रवारी चर्च सुटल्यावर ते गाडीत बसले. मग म्हणाले, "वर्गात एका मुलीनं विचारलं, म्हातारा भित्रा होता का."

"मग?"

"म्हटलं, सत्तरीला आला होता. फरशीवर गुडघे दुखले असतील त्याचे." नंतर त्यांनी म्हाताऱ्याचा विषय काढला नाही.

महिनाभरात ते वसईला गेले, परतले नाहीत. जाताना साइटवरचा थर्मामीटर, चिंधीसकट, माझ्या दाराला अडकवून गेले. मी बाल्कनीत टांगला आहे. सुट्टीच्या दुपारी चिंधी ओली करते, दहा मिनिटं थांबते आणि पारा बघते. लिहून ठेवत नाही. थर्मामीटर अगदी बरोबर आहे. तो कधीच सदोष नव्हता.