पिवळ्या बसमधली गोधडी

कोरिन व्हिटलॉकचं ऐकायचं तर अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आमच्या इकडच्या बायकांना दोनच कामं होती. खिडकीत बसून लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघायची, आणि वाट बघता बघता गोधडी शिवायची. डुकरांना कोण खायला घालत होतं, पोरांची ढुंगणं कोण धूत होतं, हे तिने कधी सांगितलं नाही. तेव्हाची डुकरं बहुधा फार समजूतदार असावीत.

मी क्लोव्हर फोर्कमध्ये केस कापते. गावात दुकान एकच, त्यामुळे गावातलं प्रत्येक डोकं कधी ना कधी माझ्या हाताखालून जातं, आणि डोक्यात जे असतं तेही बाहेर येतं. कोरिनच्या डोक्यात त्या हिवाळ्यात फक्त गोधड्या होत्या. ती आमच्या गोधडी मंडळाची अध्यक्ष. नवरा दातांचा डॉक्टर होता, आता निवृत्त. पोरं शिकागोला. शिवणकामाची खोली माझ्या अख्ख्या दुकानापेक्षा मोठी. गावाला दीडशे वर्षं होणार म्हणून उन्हाळ्यात कोर्टाच्या इमारतीत गोधड्यांचं प्रदर्शन भरवायचं तिने ठरवलं. दर गुरुवारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात ती बायकांना जुन्या काळचा एकेक नमुना द्यायची: अस्वलाचा पंजा, उडते हंस, लोण्याची रवी. प्रत्येकीने त्याचा एक चौकोन शिवून आणायचा. कापड जुन्यासारखं दिसणारं, चहाच्या डागासारखं तपकिरी नाहीतर विटकरी. आणि प्रत्येक चौकोनाबरोबर कोरिनची एक गोष्ट. प्रत्येक गोष्टीत एक मेणबत्ती, एक विरहिणी, आणि शेवटी रुमाल.

या मंडळात आर्डिथ टिमरमन शिरली तेव्हा बायका एकमेकींकडे बघून हसल्या. हसण्यासारखंच होतं. आर्डिथ सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायची. घरी तीन पोरं, नवरा मर्ल, मर्लची डुकरं, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांच्याकडे राहायला आलेली सासू लव्होन. सासू दिवसभर टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून टीव्हीतल्या लोकांना आणि आर्डिथला एकाच आवाजात सूचना द्यायची.

आर्डिथ तळघरात आली होती ती कुणाच्या तरी मयताच्या जेवणासाठी कॅसरोल घेऊन. टेबलावर कापडाचे तुकडे मांडलेले दिसले आणि बाई हातात गरम भांडं धरून तिथेच उभी राहिली. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे केस कापायला आली तेव्हा मी विचारलं, "तुला कशाला हा उद्योग? झोपायला तरी वेळ मिळतो का?"

"नाही मिळत," ती म्हणाली. "पण मी जे काही करते ना, ते संध्याकाळपर्यंत मोडलेलं असतं. भांडी घासली की खरकटी होतात. कपडे धुतले की मळतात. पोरांना शाळेत सोडलं की घरी आणायचं. एक तरी गोष्ट अशी करावी, जी केली की केलेली राहील."

यावर मला काही थट्टा सुचली नाही. मला सुचत नाही असं फार कमी वेळा होतं.

मर्लला मात्र सुचलं. "धडधाकट कापड विकत आणायचं, त्याच्या चिंध्या करायच्या, आणि त्या चिंध्या जोडून परत कापड करायचं," तो गावभर सांगत फिरायचा. "मी डुकरं अशी पाळली असती तर?" हा त्याचा विनोद. तो तीनदा ऐकल्यावर मी त्याचे कल्ले जरा वाकडेच कापले.

आर्डिथचं मशीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर. प्रत्येक जेवणाला उचलायचं, प्रत्येक जेवणानंतर मांडायचं. मांडून बसली की सुरू. थोरला ब्रँट कुस्तीचा, त्याला नेमकी त्याच वेळी कुस्तीची चड्डी सापडायची नाही. ट्रिनाला त्याच वेळी रडू यायचं आणि का येतंय ते सांगायचं नसायचं. धाकट्या ओटिसला टेबलाखाली बसून मशीनचं पायडल दाबायला आवडायचं. एका हंसाच्या चोचीतून सुई सरळ आर्डिथच्या नखात गेली ती त्यामुळेच. आणि आतल्या खोलीतून लव्होन: "कोपरे जुळत नाहीयेत! मला इथून दिसतंय!" तिला तिथून टीव्हीसुद्धा नीट दिसत नव्हता.

कोपरे खरंच जुळायचे नाहीत. गुरुवारी कोरिन तिचा चौकोन दोन बोटांत धरायची, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि गोड आवाजात म्हणायची, "आर्डिथ, अगं, त्या काळच्या बायकांकडे केवढा धीर होता याचा विचार कर." अर्ध्या रस्त्यात बर्फ साचलेलं असताना चाळीस पोरं भरलेली बस नेऊन आणणारीला धीर शिकवत होती, आणि स्वतःच्या घरासमोरचं बर्फ दुसऱ्याकडून काढून घेत होती!

तरी आर्डिथ शिवत राहिली. हळूहळू कोपरे जवळ येऊ लागले. चौकोन साठले ते तिने बुटांच्या खोक्यात घालून धुण्याच्या मशीनवर ठेवले.

मार्चमध्ये पेरणीआधी मर्ल ट्रॅक्टरचं तेल बघायला गेला. हात पुसायला काहीतरी हवं होतं. धुण्याच्या मशीनवर चिंध्यांचं खोकं दिसलं. त्याने वरचे दोन उचलले: एक रवी आणि एक अस्वलाचा पंजा.

आर्डिथला ते ट्रॅक्टरच्या पायरीवर सापडले, काळेकुट्ट, चिखलाचा बूट त्यावर उमटलेला. ती ते घेऊन स्वयंपाकघरात आली आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवले.

"हे काय?" मर्ल म्हणाला.

"तूच सांग."

"अरे, हे होय. मला वाटलं चिंध्या आहेत." मग आपण काहीतरी बोलायला हवं असं त्याला वाटलं असावं. "अजून बरेच आहेत ना खोक्यात?"

पोरं हसली. लव्होनने खुर्चीतून विचारलं, "काय झालं? कोणी मला सांगेल का?" आर्डिथने सगळ्यांना बटाटे वाढले, स्वतः जेवली, भांडी घासली. तिने आदळआपट केली असती तर मर्लला बरं वाटलं असतं. आदळआपट झाली की प्रकरण मिटलं असं समजायची त्याची पद्धत.

त्यांच्या यंत्रांच्या शेडमागे एक जुनी स्कूलबस उभी होती. शाळेने मोडीत काढली तेव्हा मर्लने लिलावात घेतली होती. शिकारीच्या वेळी राहायला म्हणून. शिकारीला तो त्यात एकदाही राहिला नाही, कारण त्यात गारठा असतो. आत डुकरांच्या पाण्याच्या फुटक्या टाक्या, खाद्याची रिकामी पोती आणि उंदरांची वस्ती. दुसऱ्या दिवशी आर्डिथने ते सगळं बाहेर काढून अंगणात टाकलं. फरशी घासली. शेडमधून वायर ओढून दिवा आणि हीटर आणला, मशीन आत नेलं. खोकं नेलं. आणि दुपारची फेरी संपल्यावर आत बसून दाराची कडी लावली.

थोड्या वेळाने ओटिस दार बडवायला लागला. "मॉम! मॉम! ब्रँटने माझं सँडविच खाल्लं!"

"दुसरं कर," आतून आवाज आला.

मग ब्रँट आला. "मॉम, माझे गुडघ्याचे पॅड कुठेत?"

"मला काय माहीत? इथे आत्ता अठराशे बासष्ट साल चालू आहे. तुझा जन्म व्हायचाय."

शेवटी मर्ल आला. त्याने दार बडवलं नाही. खिडकीच्या काचेतून आत बघितलं. "जेवणाचं काय?"

"मी लढाईवर गेले असं समज," आर्डिथ म्हणाली. "आणि खिडकीत बसून वाट बघ."

हे गावात पसरायला एक सकाळ लागली. मी काही केलं नाही, फक्त दुकान उघडं ठेवलं.

आणि मग टिमरमन घराण्याची काय दैना झाली म्हणता! पाच धडधाकट माणसं, म्हणजे लव्होन सोडून चार, आणि एकालाही गुलाबी मोज्यांबरोबर पांढरे शर्ट धुऊ नयेत हे माहीत नाही. ब्रँट गुलाबी बनियन घालून कुस्तीला गेला. मर्ल माझ्या खुर्चीत बसून रडकुंडीला आला.

"घरात काही सापडत नाही."

"काय सापडत नाही?"

"डबे उघडायचं ते यंत्र."

"मर्ल, तू त्याच घरात जन्मलास."

"तेव्हा ते दुसऱ्या खणात असायचं," तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे.

अशीच एक संध्याकाळ. बसच्या दारावर वॉकरची टकटक झाली. लव्होन अंगणातली खडी तुडवत एकटी आली होती.

"काय हवंय?" आर्डिथने आतून विचारलं.

"काही नको. मला त्या घरातून बाहेर पडायचंय. तुझा नवरा सूप करतोय."

आर्डिथने कडी काढली. सासूला पायऱ्या चढवून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, कारण तेवढीच सीट उरली होती. लव्होनने हात पुढे केला. "दाखव." चौकोन बघितला, चष्मा वर केला, परत बघितला. "आंधळा माणूस बोटीत बसून शिवेल तसं शिवलंयस. कात्री दे."

"उसवू नका, लव्होन! मला दोन दिवस लागलेत त्याला."

"म्हणूनच उसवते. एवढी मेहनत वाया जायला नको." आणि उसवला तिने. मग टाके घालता घालता, मान वर न करता म्हणाली, "मीही करत होते एक गोधडी. लग्नानंतरच्या हिवाळ्यात. अर्धी झाली होती. मर्लच्या बापाने नेली आणि गारठलेल्या कालवडीवर टाकली."

"मग?"

"मग काय? कालवड जगली."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"आठवडाभर त्याच्या रश्श्यात मीठ घातलं नाही. त्याला कळलंसुद्धा नाही." तिने दोरा दाताने तोडला. "माझ्याकडे बस नव्हती."

आर्डिथने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग गळ्यात गळे घालून रडलात का? "छे गं," ती म्हणाली. "तिने माझे अजून तीन उसवले."

मे महिन्यात कोरिन आमच्या साप्ताहिकाच्या फोटोवाल्याला घेऊन शेतावर आली. तिला प्रदर्शनाच्या जाहिरातीसाठी 'लेकुरवाळी' हवी होती: स्वयंपाकघरात शिवणारी आई, भोवती पोरं, ओव्हनमध्ये केक. आर्डिथ बसच्या दारात आली.

"फोटो काढायचा तर इथे काढा. मी इथे शिवते."

"अगं, पण बस त्या काळातली वाटत नाही," कोरिन म्हणाली.

"तुझं विजेवरचं मशीन वाटतं?"

कोरिनने ओठ मिटले. आर्डिथने दार मिटलं. आणि कोरिन सरळ स्वयंपाकघराकडे वळली. पुढच्या अंकात फोटो आला. टेबलाभोवती तीन पोरं, केस ओले करून चापून बसवलेले, आणि मध्ये मर्ल, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात सुई. टेबलावरचे चौकोन कोरिनचे. घरातून आणले होते बाईने. खाली छापलं होतं, 'परंपरा जपणारं कुटुंब'. त्यात आर्डिथ नव्हती. मर्लने तो फोटो कापून पाकिटात ठेवला, आणि मला दाखवला. मला! मी तो शांतपणे बघितला आणि त्याच्या मानेवर थंडगार पाणी मारलं.

प्रदर्शनाला सगळं गाव लोटलं. लिंबाचं सरबत, भाषणं, कोरिनच्या डोक्यावर जुन्या काळची टोपी. तिची स्वतःची गोधडी समोरच्या जिन्यावर, आर्डिथची मागे कोकच्या मशीनशेजारी. चांगली झाली होती. मला गोधड्यांतलं काही कळत नाही, पण तिच्यासमोरून मला लवकर हलावंसं वाटेना. शेजारी पुठ्ठ्यावर कोरिनने लिहिलेली दोन ओळींची माहिती होती: 'मुलाबाळांच्या गलबल्यात, पतीच्या प्रेमळ प्रोत्साहनाने साकारलेली.'

आर्डिथने ते वाचलं. लव्होनने तिच्याकडून वाचून घेतलं. बहिरी माणसं बोलतात त्या आवाजात लव्होन म्हणाली, "प्रोत्साहन? याने तर तिच्या चौकोनाने तेल पुसलं!"

"आई, हळू," मर्ल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"हळू कशाला? तुझ्या बापाने माझी कालवडीला घातली होती. मीही हळूच बोलले होते."

आर्डिथने शिपायाची खुर्ची ओढली, चढली, आणि गोधडी उतरवायला लागली. कोरिन टोपी सावरत धावत आली.

"आर्डिथ! प्रदर्शन आठवडाभर आहे. ही भिंत रिकामी दिसेल!"

"मर्लचा फोटो लाव," आर्डिथ म्हणाली. "त्याच्या पाकिटात आहे."

गोधडी तिने घडी घालून सासूच्या वॉकरवर ठेवली आणि दोघी हळूहळू, लव्होनच्या चालीने, समोरच्या दारातून बाहेर पडल्या. मर्ल गाडी काढायला मागून धावला. तेवढी अक्कल त्याला होती.

तो सुधारला वगैरे असं मी म्हणणार नाही. अंडी उकडायला शिकला आणि त्याबद्दल गावात कौतुकाची अपेक्षा करतो. पोरांना मोजे सापडतात, कारण आता ते शोधतात. गोधडी लव्होनच्या पलंगावर आहे. रात्री फार जड होते अशी तिची तक्रार असते आणि कुणी उचलायला गेलं की हातावर चापट मारते.

कोरिनने पुढच्या वर्षासाठी मंडळात एकोणीसशे तीसच्या मंदीच्या काळचे चौकोन काढलेत, नव्या गोष्टींसह. त्यातही मेणबत्ती आहे असं ऐकते. आर्डिथ तिकडे फिरकत नाही. बसमध्ये तिची दुसरी गोधडी चालू आहे, आणि शनिवारी गावातल्या दोन-तीन बायका तिथे येतात, घरी काहीतरी थाप मारून. मी शिवत नाही. मी कॉफी प्यायला जाते. परवा गेले तर सासू-सून एका लाल तुकड्यावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. लव्होन म्हणत होती तो रंग वेश्यांचा आहे, आणि आर्डिथ म्हणत होती, मग दोन लावते.