हिरव्या नेटखालची घार

सक्करदऱ्याच्या तलावाकाठी एका झाडावर ती घार जुन्या मांजात उलटी लटकलेली सापडली. संक्रांत होऊन तीन महिने झाले होते, पण मांजा काही झाड सोडत नाही. तिला आणलं आमच्या ओळखीच्या भाऊंकडे. ते जखमी पक्षी सांभाळतात आणि मी त्या पक्ष्यांचे फोटो काढते. शिकवलं कोणी नाही मला. आमच्या ह्यांचा कॅमेरा त्यांच्यामागे पडून होता, तो मी उघडून बसले, एवढंच.

फोटो हौसेचे नव्हेत बरं का. कापाकापी इथले जनावरांचे डॉक्टर करतात, पण पंख ठेवायचा की कापायचा ते पुण्याच्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई फोटो पाहून सांगतात. आता एक गोष्ट सांगते, जी मलाही माहीत नव्हती. पक्ष्याला मुका मार लागला की कातडी हिरवी पडते, आपल्यासारखी काळीनिळी नाही. हिरवं असलं तर ते आपोआप उतरतं. काळं पडलं म्हणजे मांस मेलं. ते कापलं नाही तर पक्षी जातो.

एप्रिलचं ऊन, म्हणून पिंजऱ्यावर हिरवी नेट ताणलेली, घरोघरी असते तशी. फ्लॅश मारला तर घार बिथरते. भाऊंनी आत जाऊन तिला धरलं, पंख उघडला, आणि मी बाहेरून भिंग जाळीला टेकवून त्या अंधुक उजेडातच फोटो घेतला. फोटो काळपट आला होता. मग मोबाईलवर तो उजळला, रंग थोडे खुलवले आणि पाठवला. बाईंनी कळवलं, हिरवं दिसतंय, मुका मार आहे, कापू नका. भाऊ खूश, मी खूश.

संध्याकाळी प्रताप नगरला घरी चहा घेता घेता तोच फोटो पुन्हा पाहिला. उन्हासाठी डोक्याला बांधलेला भाऊंचा दुपट्टा त्यात दिसत होता. दुपट्टा पांढरा, मी स्वतः पाहिलेला. फोटोत तो पोपटी होता. माझा चहा तसाच राहिला. नेटमधून आलेल्या उजेडात दुपट्टा हिरवा दिसतो, तर पंख दुसरा कसा दिसेल?

भाऊंना फोन केला. ते म्हणाले, बाईंनी सांगितलं ना, मग झालं. मी म्हटलं, बाईंना माझ्या फोटोनं फसवलं. मग बाईंनाही खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. बाजूला पांढरं कापड ठेवून उजेडात पुन्हा काढा, रंगाला हात लावू नका, म्हणाल्या.

सकाळी पोचले तर भाऊ दारातच उभे.

"काकू, तिले कालच धरलं होतं. घडीघडी धरलं तर जीव जाते तिचा. एकडाव धरीन, मंग नाही."

त्यांनी नेटचा एक कोपरा सोडला आणि आत जाऊन तिला धरलं. कवडसा थेट घारीवर पडला आणि तिची चोच उघडली, धाप लागली. दुपट्टा पंखाखाली पसरला, तर तो उन्हात असा चमकला की पंख नुसता काळा ठिक्कर. असा फोटो काय कामाचा? मी जागा बदलून बदलून पाहत होते. भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "फोटो काढून राहिल्या का लग्न लावून राहिल्या?" शेवटी मीच उन्हाच्या आड उभी राहिले. माझी सावली दोघांवर पडली, दुपट्टा शांत झाला, पंखाची कातडी दिसू लागली. तीन वेळा बटण दाबलं. तेवढ्यात घारीनं मान टाकली. भाऊंनी तिला खाली ठेवलं आणि आम्ही दोघं नुसते तिच्या छातीकडे पाहत राहिलो. किती वेळ, कोण जाणे. मग पिसं हलली.

फोटोत दुपट्टा पांढरा होता. पंखाच्या मुळाशी हिरवं, आणि पुढचा सगळा भाग काळा. तसाच पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: सांध्यापासून पुढे आजच कापा.

भाऊंनी दोनदा वाचलं. "म्हणजे हे आता उडत नाही."

मी नाही म्हणून मान हलवली.

"कालचाच फोटो बरा होता, काकू."

 मी घारीची पेटी मांडीवर घेऊन ऑटोत बसले, दवाखाना येईपर्यंत आतली नखं पत्र्यावर घासत होती. घार जगली. भाऊ तिला आता मोठ्या पिंजऱ्यात ठेवतात. परवा मी कॅमेरा घेऊन गेले, तर माझ्यावरच चोच उगारून आली.