खड्यानाग, ताक आणि दादाचे गुडघे

साताऱ्याहून निघताना शेजारणीने बजावलं होतं, "नवी मुंबईत पाणी जपून पी." ताकाबद्दल ती काही बोलली नव्हती.

कळंबोलीला उतरले तर सळया लादलेल्या ट्रकांच्या गर्दीतून दादा लंगडत सामोरा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नोकरीनिमित्त वाशीत आला आणि तिथलाच झाला. वहिनी बेलापूरकडच्या आगरी घरातली. दादाचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, पण दादा ऐकतो ते सोसायटीच्या वनौषधी ग्रुपचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी या ग्रुपबरोबर खारघरच्या डोंगरावर गेलो. वर धबधबे, खाली टॉवर, मधे आम्ही छत्र्या घेऊन. निवृत्त बँक अधिकारी असलेले अध्यक्ष पुढे होते. दिसेल ते झुडूप त्यांच्या मते शुगर, केस किंवा गुडघे, यांपैकी कशावर तरी रामबाण होतं. एका करवंदीवर लाल-पिवळ्या फुलांची वेल चढलेली दिसली आणि ते थांबले.

"खड्यानाग, म्हणजे आपली कळलावी! जहाल विष."

"मग गुडघ्यांना चालेल?" दादाने विचारलं.

"विष आहे म्हणून तर पॉवरफुल. फक्त शुद्ध करून काढा घ्यायचा. टेन्शन नाही."

वहिनीने हीच फुलं मागवली होती. तिच्या माहेरी तेरड्याच्या रोपांची गौर बसवतात आणि या फुलांचे तिला हात करतात. दादाने फुलं पिशवीत घातली आणि गुपचूप कंदही.

शुद्धीला गोमूत्र की खारं ताक, यावर ग्रुपमध्ये जुंपली. दादाच्या सोसायटीत कबुतरांना दाणे टाकायलाही बंदी, तिथे गोमूत्र कोण चालवून घेणार? ताक ठरलं.

गौरी जेवायच्या दिवशी घरात मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. आमची पुरणपोळीवाली गौर हे पाहून रुसली असती. मी मात्र आडवा हात मारला. मग घसा निववायला फ्रिज उघडला आणि मागच्या पातेल्यातलं ताक पेल्यात ओतलं.

"ठेव खाली!"

संडासातून उठताना देवाचं नाव घेणारा माझा भाऊ टीपॉय ओलांडून धावत आला आणि त्याने पेला उडवला. ताक थेट गौरीच्या पाटापर्यंत गेलं. दर्शनाला आलेले अध्यक्ष नेमके दारात उभे होते. त्यांनी धावणं तेवढं पाहिलं आणि आनंदाने परत फिरले.

वहिनीने पातेल्यातल्या कंदाच्या चकत्या पाहिल्या आणि ती दादाकडे वळली.

"आमची आजी हा कंद उगालून अडलेल्या बाईच्या पोटाव वरशी लावायची. पोर झालं का लगेच धुवायची. पोटात कदी कोनाला दिला नाय! तुमाला ऑपरेशनची भीती वाटते न इखाची नाय वाटत?"

"टेबलावरनं उठलोच नाही तर?" दादा पुटपुटला.

"न हे पिऊन उठला असता काय? पुढच्या गौरीला मी कोनासाठी रांधू?"

ती रडली, मीही रडले. ते ताक माझ्या ओठांपर्यंत आलंच होतं.

संध्याकाळी ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश झळकला: "आपले सभासद धावू लागले! काढ्याची कृती उद्या."

दुसऱ्या दिवशी दादाने मला साताऱ्याच्या गाडीत बसवलं. अंगठा जड झाल्यासारखा बराच वेळ तो फोनवर टाइप करत होता. ग्रुपवर त्याने मलाही घेतलं होतं.

घरी पोचले तर कुंपणावरची कळलावी फुलली होती. इतकी वर्षं शेजारी राहिली, पण तिने कधी कुणाला धावायला लावलं नव्हतं. पिशवी खाली ठेवून फोन उघडला. दादाने लिहिलं होतं, "मी थेंबभरही प्यायलो नाही. बहीण मरेल म्हणून धावलो. काल रात्रभर पाय उचलत नव्हते. कोणीही पिऊ नका."

खाली लगेच प्रश्न होता, "खूप छान अनुभव, सर. ताक घरचं होतं की पिशवीतलं?"

दादाने उत्तर दिलं होतं, "ऑपरेशन सोमवारी."