हवालदारांची विहीर

हवालदारांना राग आला की ते दाढी करायला बसत. दिवसातली कुठलीही वेळ असो. सकाळी गुळगुळीत केलेल्या गालांना पुन्हा साबण फासत, आंब्याच्या खोडाला आरसा अडकवत आणि उघडा वस्तरा सावकाश फिरवत. लग्न होऊन मी बोरीवलीच्या त्या घरात आले तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांना नटायची हौस आहे. शांतारामने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कानात सांगितलं की आता कुणी बोलायचं नाही, चिडलेत. "राग आला की हातात वस्तरा घ्यावा," हवालदार म्हणत, "मग हाताला थरथरून चालत नाही." मला हे कधी जमलं नाही. मी आजही हे चिडूनच लिहिते आहे.

लढाईत ते ब्रह्मदेशात होते, रस्ते काढणाऱ्या पलटणीत. जंगल तोडायचं, खडक फोडायचा, चिखलात ओंडके टाकायचे. मागून फौज जायची. जवळच सुरुंग उडाला त्यात डावा कान गेला. लढाई संपल्यावर रत्नागिरीकडच्या आपल्या गावी आले ते पायात बूट घालून. खोताच्या माणसाने भर रस्त्यात अडवून बूट काढून हातात घ्यायला सांगितलं. आम्ही महार. त्या रस्त्याने आमच्या कुणी पायात काही घालून जायचं नाही, अशी रीत होती. हवालदारांनी बूट काढले नाहीत. आठवड्याच्या आत बायको आणि मुलाला घेऊन त्यांनी गाव सोडलं. ही गोष्ट सांगताना ते एवढंच म्हणत, "जिथं रस्ता नव्हता तिथं आम्ही बूट घालून गेलो. मग रस्त्यावर अनवाणी का चालू?"

बोरीवली स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा डोंगरापर्यंत नुसतं रान होतं. तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या पास्कूबाबांची भातशेती सखल भागात होती आणि वरचा उतार पडून होता. खडक, करवंदीची जाळी, साप. बिबट्या येऊन शेळ्या न्यायचा. पास्कूबाबांनी हवालदारांना सांगितलं की कसून दाखव, भाजी पिकली तर आमच्या घरी धाडत जा, बाकी काही नको. तिथे घर म्हणून पहिल्यांदा उभं राहिलं ते कुडाचं, वर गवताचं छप्पर. आसपास दुसरा दिवा नव्हता. हवालदार रोज संध्याकाळी हद्दीभोवती एक चक्कर मारत आणि प्रत्येक झाडापाशी थांबून त्याची विचारपूस करत. शेवग्याशी ते खरोखर बोलत. सासूबाईंशी तेवढं बोलत नसत, असं त्याच हसून सांगायच्या.

विहीर त्यांनी दोन उन्हाळे खणली. सुरुंग लावायची परवानगी नव्हती, म्हणून सगळं काम पहार आणि छिन्नी-हातोड्याने. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायचे, घमेल्यातून दगड वर ओढायच्या. त्यांना तेव्हा दिवस गेले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात ते मूल पोटातच गेलं. चार दिवसांनी त्या पुन्हा विहिरीवर उभ्या राहिल्या आणि त्याच महिन्यात पाणी लागलं. हवालदार या विषयावर कधी बोलले नाहीत. विहिरीच्या काठावर कुणी थुंकलं किंवा चप्पल घालून चढलं तर मात्र ते आतून आरसा घेऊन यायचे.

पुढे खालच्या बाजूला वसाहत झाली. ऑफिसात नोकऱ्या करणारी, शिकलेली मंडळी, ओळीने बांधलेली कौलारू घरं. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची विहीर आटली. मग त्यांचे हेडक्लार्क वर आले. वसाहतीचे पुढारी तेच. अंगणाच्या बाहेर उभे राहून फार गोड बोलले. आपलं पाणी मिळालं तर उपकार होतील. फक्त दोर आणि बादली आम्ही आमची आणू, आणि आमच्या बायका पाणी भरत असताना तुमच्या घरच्यांनी काठावर येऊ नये.

शांताराम उसळला. तो गोरेगावच्या एका स्टुडिओत सुतार होता, तिथे सगळे एका टेबलावर चहा प्यायचे, त्याला हे सहन होईना. हवालदारांनी त्याला हाताने मागे सारलं आणि पाणी न्या म्हणाले. रात्री जेवताना शांतारामने जाब विचारला. हवालदार म्हणाले, "तहानलेल्याशी वाद घालू नये. पाणी पिऊन झालं की घालू."

तीन उन्हाळे ती वसाहत आमच्या विहिरीवर जगली. आमचं पाणी आम्ही त्यांच्यानंतर भरलं. मला आजही कळत नाही की आम्ही ते कसं केलं.

मग डोंगराच्या कुशीत दगडाची खाण निघाली. रोज दुपारी सुरुंग उडत, घरातली भांडी वाजत. खडकातले झरे फिरले आणि आमच्या विहिरीचं पाणी उतरत गेलं. त्याच सुमारास खाली रस्त्यावर सरकारी नळ आला. मी हंडा घेऊन गेले. रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला, मी तोटीला हात लावला. हेडक्लार्कच्या बायकोने माझा भरत आलेला हंडा पायाने लोटून दिला. मग तिने राख मागवली आणि सगळ्यांच्या देखत तोटी घासून धुतली. या बाईचं तान्हं मूल आमच्या पाण्यावर वाढलं होतं. मी रिकामा हंडा घेऊन घरी आले. रडले नाही. हात मात्र थरथरत होते, आणि माझ्याकडे वस्तरा नव्हता.

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन सदरा बदलला, हंडा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "चल, पोरी." त्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. नळावर माणसं जमलीच होती. हेडक्लार्क पुढे होऊन समजावू लागले. हवालदार, तुम्ही जग पाहिलेलं आहे, बायकांच्या भावना असतात, तुमच्यासाठी वेगळी काही सोय करू. हवालदारांनी त्यांचं पूर्ण ऐकलं, चांगला कान त्यांच्याकडे करून. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तीन उन्हाळे तुम्ही माझं पाणी प्यालात. ते आधी अंगातून काढा. मग नळ धुवा."

त्यांनी मला तोटी उघडायला सांगितली. हंडा भरला, तो त्यांनीच उचलला. त्यानंतर रोज ते माझ्याबरोबर यायचे आणि रोज मी माझ्या हाताने तोटी उघडायची. शांतारामने चौकीत तक्रार केली. शिवाशिवीविरुद्ध कायदा होता, तोंडपाठ म्हणण्याइतका साधा होता. चौकीतल्या साहेबाने मिटवून घ्या म्हणून सांगितलं. महिनाभरात वसाहतीने खटपट करून नळ कुंपणाच्या आत घेतला आणि फाटकाला कुलूप लावलं.

पास्कूबाबा तोवर वारले होते. त्यांच्या बायकोने आपली विहीर आम्हाला मोकळी केली, पण ती फार लांब होती. हवालदारांनी पुन्हा पहार काढली. वय झालं होतं, दम लागत होता, तरी आपली विहीर खोल करायला ते स्वतः खाली उतरले. शांताराम सुट्टीच्या दिवशी हाताशी असायचा, एरवी मी आणि आत्या दगड ओढायचो. तळाशी धूळ कोंडायची. ते खोकत खोकत वर यायचे, ताक प्यायचे आणि पुन्हा उतरायचे. मी एकदा आडवी उभी राहिले, पुरे म्हणाले. ते रागावले नाहीत. "माझा नातू कुणाच्या फाटकाशी उभा राहणार नाही," म्हणाले. मला तेव्हा पाचवा महिना होता. दगडांना त्यांनी मला त्या दिवसापासून हात लावू दिला नाही.

पाणी लागलं. भरपूर लागलं. पण खोकला गेला नाही. पावसाळा सरता सरता त्यांनी अंथरूण धरलं आणि दसऱ्याच्या आत गेले. नातू त्यांनी पाहिला, मांडीवर घेतला, एवढंच.

तेराव्या दिवशी वसाहतीची मंडळी वर आली. हेडक्लार्क, त्यांची बायको, मुलगा, आणखी पाच-सहा जण. हातात हवालदारांच्या फोटोला घालायला झेंडूचा मोठा हार. ओट्याशी उभे राहून हेडक्लार्क बोलले की हवालदारांसारखी माणसं होती म्हणून या ओसाड जागेत वस्ती उभी राहिली, असा देवमाणूस होणे नाही. चांगलं बोलले. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

आत्या कोपऱ्यात बसल्या होत्या. आयुष्यभर परक्या पुरुषापुढे त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्या उठल्या. विहिरीवर जाऊन कळशी भरून आणली, आमच्या घरातली पितळी भांडी काढली, एकेक भरून ओट्यावर ओळीने मांडली.

"हार मग घाला," त्या म्हणाल्या. "आधी पाणी प्या."

कुणाचाही हात पुढे आला नाही. हेडक्लार्कच्या बायकोने आपल्या मुलाला मागे ओढलं. हार ओट्यावरच ठेवून, घाई असल्याचं काहीतरी पुटपुटत सगळे निघाले.

आत्यांनी हार उचलला आणि त्यांच्या मागे उतारापर्यंत जाऊन त्यांच्या हातात परत दिला.