सव्वाआठपर्यंत लांबलेलं ग्रहण

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, ब्रह्मपुरीच्या माझ्या सासुरवाडीत मी पाण्याच्या परातीत मुसळ उभं केलं. सूर्यग्रहण लागायला तीन मिनिटं होती.

लग्नानंतरची पहिलीच दिवाळी. चंद्रपूरच्या ज्या पेपरात मी काम करतो, त्यात ग्रहणावरचा लेख माझाच होता. सासरी तो मोठ्यानं वाचला गेला. (वाचणारा मीच.) शेवटचं वाक्य असं होतं: परातीतलं मुसळ ग्रहणामुळे उभं राहत नाही, बूड सपाट असलं आणि तोल साधला, तर ते कोणत्याही दिवशी उभं राहतं.

"कोन्याही दिवशी?" सासूबाई म्हणाल्या. "मंग ग्रहण लागाच्या आंधी करून दाखवा, जावईबापू!"

या घरात मुसळाचा शब्द अखेरचा. ते उभं राहिलं की ग्रहण लागलं, आपोआप पडलं की सुटलं. मग चूल पेटते. वेधामुळे ती सकाळपासून थंड होती, आणि सुटल्यावर खास माझ्यासाठी सांबारवड्या होणार होत्या. (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

साडेतीनला बसलो. मुसळ अकरा वेळा पडलं. (त्यात एकदा सासऱ्यांच्या पायावर.) बाराव्यांदा उभं राहिलं. "पाहा!" मी ओरडलो. सगळे हातातली कामं टाकून येईपर्यंत पाचला दहा कमी झाले होते.

"लागलं ग्रहण!" सासूबाईंनी हात जोडले. "मुसर उभं झालं!"

"आई, ते मी उभं केलंय! ग्रहण म्हणजे सूर्य आणि पृथ्वीच्या मधे चंद्र येतो, त्याची सावली पडते—"

"अमावस्येले कोनालेच चंद्र दिसत नाई. तुमालेच कुठी सापडला?"

उत्तर देणार, तेवढ्यात सासरे (घरात त्यांना भाऊ म्हणतात) छातीचा जुना एक्स-रे डोळ्यांपुढे धरून अंगणात निघालेले दिसले.

"भाऊ, त्यातून पाहू नका! डोळ्याचा पडदा भाजतो आणि कळतही नाही!"

"काऊन? माहीच छाती, माहेच डोळे!"

मी एक्स-रे काढून घेतला आणि स्वयंपाकघरातला झारा आणला. पश्चिमेच्या दारात सूर्याकडे पाठ करून तो धरला. झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून एकेक सूर्य समोरच्या भिंतीवर उतरला. प्रत्येकाची कड कुरतडलेली! ग्रहण पाहायचं नाही म्हणून आत बसलेल्या सासूबाईसुद्धा पुढे सरकल्या.

"हे त अनारसे होत! सारे उष्टे करून ठेवले!"

ही दहा मिनिटं माझी होती. नंतर सूर्य ग्रहणातच मावळला. साडेसहाच्या पुढे मी जाहीर केलं, "सुटलं."

"मुसर उभं आहे," सासूबाई म्हणाल्या.

सात वाजले. मुसळ उभं. मी परातीभोवती जरा जोरात चालून पाहिलं. दार दोनदा आपटलं. परातीतलं पाणी हललं, मुसळ नाही!

"पक्कं बसवलं जी तुमी," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, पोटात सकाळपासून काही नव्हतं.

"कोन्याही दिवशी राह्यते म्हने," माझी बायको वंदना म्हणाली. "आता उद्या पाडव्यालेच जेवू."

सव्वाआठला मी सासूबाईंसमोर जाऊन उभा राहिलो.

"आई, पाडू का?"

"मुसर कोनानं उभं केलं?"

स्वयंपाकघरात सांबाराची जुडी निवडून ठेवलेली दिसत होती. बेसन चाळून ठेवलं होतं.

"ग्रहणानं," मी म्हणालो.

सासूबाई उठल्या. एका हातानं मुसळ उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

"सुटलं त साडेसहालेच होतं. क्यालेंडरात लिहून आहे न."

नऊला सांबारवड्या झाल्या. मी अकरा खाल्ल्या.