सासरा-सुनेची लॉ ॲडमिशन

एकाच घरातून एकाच वर्षी सून आणि सासरा लॉला अर्ज करतात म्हटल्यावर किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात! आमच्या हर्सूलच्या घरी पाहुणे टेकले, की चहा गाळायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "तो ओटीपीचा सांग ना." एक सांगितला की दुसरा लगेच आठवतो.

मी सून. बीए झालं, लग्न झालं, मुलगी पाचवीत गेली, तरी डोक्यातलं वकिलीचं खूळ काही गेलं नाही. आबा म्हणजे माझे सासरे. वय सदुसष्ट, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. नोकरी करता करता त्यांनीही बाहेरून बीए केलेलं. आणि सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो.

एक दिवस जेवताना मी हिय्या करून विषय काढला.

"कोर्टात?" आत्या म्हणाल्या. "तिथं गडीमाणसं भांडत्यात. ही एकली कुठं जाती?"

आमचे हे ताटातल्या मिठाकडं बघत बसले. वाळूजच्या कंपनीत हे सुपरवायझर आहेत, पण तो रुबाब आईसमोर चालत नाही.

आबांनी शांतपणे भाकरी मोडली. "एकली कशाला? मी जातो की संगं."

"रोज सोडायला जानार?"

"सोडायला नाय. शिकायला!"

आत्यांच्या हातातली पळी आमटीतच राहिली.

*

फॉर्म भरायला नेट कॅफेत गेलो. आबांचं सिम बंद पडलेलं, माझा नंबर माझ्याच फॉर्मला लागलेला, म्हणून त्यांनी फॉर्मवर धाकट्या भावाचा नंबर देऊन टाकला. हे धोंडूकाका देवगाव रंगारीला राहतात आणि दिवसभर मेंढरांमागं रानात असतात. लिहिण्या-वाचण्याचा त्यांचा फारसा संबंध नाही. इकडं फॉर्मला दर पायरीवर ओटीपी, आणि तो दहा मिनिटांत टाकला नाही तर बाद!

"धोंड्या, मेसेज आला का? आकडे सांग!" आबा कॅफेत उभे राहून माझ्या फोनवर ओरडले.

"पयली काठी हाय," काका म्हणाले. मी एक टाकला.

"मग अंडं." शून्य.

"मग एकावर एक दोन अंडी." आठ.

"मग मेंढी."

मी थांबले. आबा थांबले. कॅफेवाला खुर्ची सोडून आमच्या मागं येऊन उभा राहिला. मेंढी म्हणजे दोन की पाच, यावर तिथल्या पोरांचे दोन गट पडले. शेवटी मीच फोन घेतला. "काका, मेंढी म्हणजे कुठला आकडा?"

"आकडा नाय गं, मेंढी! लोकाच्या कपाशीत घुसली. ठेव फोन!"

*

मधे शिक्षण सुटलं असेल तर त्या गॅपचं ॲफिडेव्हिट लागतं. कोर्टाबाहेर टाइपिंग करणाऱ्या एका गृहस्थाकडं आम्ही गेलो. माझं दोन मिनिटांत झालं. मग आबांची पाळी.

"गॅप किती?"

"अडतीस वर्षं."

टाइपिस्टनं चष्मा कपाळावर नेला. "मग इतकी वर्षं काय केलं?"

आबांनी सुरुवात केली. कन्नडचा आठवडी बाजार, घाटातला धुक्याचा पहाटेचा फेरा, कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेला नवरदेव... मागं रांग वाढली. टाइपिस्ट हात जोडून म्हणाला, "काका, एका ओळीत सांगा."

आबांनी जरा विचार केला. "एका ओळीत? लोकं पुढं सरकवली."

त्या भल्या माणसानं तसंच टाइप केलं. 'सदर कालावधीत अर्जदार हे लोकांना पुढे सरकविण्याचे काम करीत होते.' सही झाली, शिक्का बसला. आजवर कुणीही त्यावर हरकत घेतलेली नाही!

*

अभ्यासाला दोघांत एकच गाइड. मी स्वयंपाक करताना ते वाचायचे, ते फिरायला गेले की मी. एकदा सराव परीक्षेत गणित आलं. एक बस ताशी साठ किलोमीटर वेगानं निघते, एकशे ऐंशी किलोमीटर जायला किती वेळ लागेल?

मी लगेच तीन तास लिहिलं. आबांचं पेन हलेना.

"आबा, सोपंय की."

"सोपं कसं? टायर कसे हायत ते लिव्हलं नाय. डायव्हर जेवनार कुठं ते नाय. बाजाराचा दिवस हाय का ते नाय."

त्यांनी 'माहिती अपुरी' या पर्यायावर खूण केली. पुढच्या चारही गणितांत त्यांनी हेच केलं, आणि त्यातली दोन उत्तरं बरोबर निघाली!

*

परीक्षेच्या दिवशी गेटवर गार्डनं मला आत सोडलं आणि आबांना अडवलं. "पालकांनी झाडाखाली थांबा."

आबांनी हॉल तिकीट काढून त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. गार्डनं फोटो बघितला, आबांना बघितलं, परत फोटो बघितला आणि त्यांना तपासणीला घेतलं. घड्याळ काढायला लावलं, बेल्ट काढायला लावला. तरी ते मशीन कमरेपाशी वाजायचं थांबेना.

"आत काय आहे?"

"करदोडा. चांदीचा."

"तो पण काढा."

"बाबा," आबा म्हणाले, "बेल्ट तू घेतला. आता हा बी घेतला तर मी पेपर सोडवू का पॅन्ट धरू?"

मागची रांग हसून हसून वाकली. गार्डनं करदोडा राहू दिला.

*

पहिली यादी लागली. माझं नाव कुठंच नाही, आणि आबांना थेट लातूरचं कॉलेज! त्यांनी दुसरा पर्याय लातूर का भरला होता, तर 'तिकडं मुक्कामाच्या गाडीला जेवन लई चांगलं भेटायचं'.

मी ओट्यापाशी जाऊन कणीक मळत राहिले, नको तेवढी मळली. आबा पाणी प्यायला आत आले आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "मी लातूरला नाय जात."

"आबा, सीट वाया जाईल."

"जाऊ दी. तुझं नाव लागल्याबिगर मी तिथं जाऊन कुनाला संगत देऊ?"

दुसरी यादी यायला बारा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत आबांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. जे गळत नव्हते तेसुद्धा. यादीत दोघांची नावं निघाली. गावातलंच कॉलेज, एकच वर्ग!

*

ॲडमिशनचा शेवटचा दिवस. खिडकी पाचला बंद होणार. साडेचारला क्लार्क मॅडमनी दोन कागद पुढं केले. आपला पाल्य कॉलेजात कुणालाही त्रास देणार नाही, अशी पालकांची हमी. सहीशिवाय फॉर्म सिस्टिम घेतच नाही.

"मी आबांची करते, आबा माझी करतील," मी म्हटलं.

"दोघंही उमेदवार आहात. चालणार नाही."

हे कंपनीत, फोन लॉकरमधे. राहिल्या आत्या. आबांनी फोन लावला. पाचला दहा मिनिटं असताना आत्या रिक्षातून उतरल्या, हातात अजून भाजीची पिशवी. ज्या बाईंनी हा विषय निघाल्यापासून एकदाही 'अभ्यास कसा चाललाय' विचारलं नव्हतं, त्यांच्या एका सहीवर आमचं सगळं येऊन अडलेलं.

मॅडमनी कागद वाचून दाखवला. आत्यांनी पिशवी खाली ठेवली, पेन घेतलं. "सुनंचा दे. ती कुनाला तरास देत नाय." आणि एकेक अक्षर जपून लिहीत सही केली.

मग मॅडमनी आबांचा कागद पुढं सरकवला. आत्यांनी पेन खाली ठेवलं.

"ह्याची हमी मी नाय देत."

"अगं!" आबा घड्याळाकडं बघत म्हणाले.

"खोटं कसं लिव्हू? पंचेचाळीस वरसं मला तरास देतोय हा मानूस."

पाचला तीन मिनिटं! मॅडम म्हणाल्या, "आजी, अहो नुसती फॉर्मॅलिटी आहे."

आत्यांनी एकदा आबांकडं नीट बघितलं. मग पेन उचललं आणि मॅडमना म्हणाल्या, "'दुसऱ्या कुनाला' तरास देनार नाय, असं लिव्हा. मग करते सही."